शेंडेफळाचा बर्फातला हिवाळा

चार भावंडांत ती सगळ्यांत धाकटी, म्हणून घरात तिला शेंडेफळ म्हणत. चव्वेचाळिशी उलटली तरी नाव काही सुटलं नाही. थोरले आपापल्या संसारात रमले आणि अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी राहिली ती. आई गेल्यावर सगळे म्हणाले, "आता जरा फिरून ये." बोलायचं म्हणून बोलले होते, ही खरंच निघाली. फिरत फिरत परदेशातल्या एका डोंगरगावात पोचली आणि बर्फ पडायला लागला तशी तिथेच थांबली.

एका हॉटेलच्या धुलाईखोलीत तिला हिवाळ्यापुरतं काम मिळालं. सकाळभर गरम चादरींच्या घड्या घालायच्या, दुपारी मोकळी. माळ्यावरच्या खोलीत सोबतीला हंगामी कामाच्या दोन पोरी होत्या. वाईट नव्हत्या, पण तिला वगळून आपापसांतच गप्पा मारायच्या आणि बाहेर निघाल्या की "काकू, दार लावून घ्या" एवढंच म्हणायच्या.

समोरच्या उतारावरून पोरंटोरं स्नोबोर्डवर सुसाट खाली यायची. एक दिवस तिनेही भाड्याने बोर्ड आणला. शिकवणारा तिच्या भाच्याच्या वयाचा. "पायांकडे बघू नका, जिकडे जायचंय तिकडे बघा," तो सारखा ओरडायचा. कुठे जायचंय ते ठाऊक असतं तर इथे कशाला आले असते, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तोवर ती आपटली होती.

"या वयात हे काय खूळ?" फोनवर दादा म्हणाला. "वर जायची एवढी कसली घाई?" ती पोटभर हसली. फोन ठेवल्यावर मात्र खोली खायला उठली.

शिकवणी संपल्यावर ती एकटीच जायला लागली. एके दुपारी ती तारेवरून सरकणाऱ्या बाकांच्या लिफ्टने शेवटच्या फेरीला वर गेली आणि धुकं उतरलं. वाट दाखवणाऱ्या काठ्या दिसेनात. भलतीकडे वळून ती झाडीत घुसली आणि कमरेपर्यंत बर्फात रुतली. हाका मारून घसा बसला. पोरींना वाटणार, काकू गावात गेल्या असतील. सकाळी कामावर वाटणार, आजारी असेल. आपण परतलो नाही, हे कळणार तरी कोणाला? थंडीपेक्षा या विचारानेच तिला हुडहुडी भरली.

इतक्यात खालून भोंगा वाजला. थांबला, पुन्हा वाजला. तिने बोर्ड काढून काखेत मारला आणि झाडं धरत, धडपडत आवाजाच्या रोखाने उतरली.

लिफ्टच्या केबिनपाशी लिफ्टवाला उभा होता. एरवी लोकांना बाकावर बसवताना तोंडातून चकार शब्द न काढणारा माणूस.

"कुठे होता बाई तुम्ही?" तो कडाडला. "मी स्वतः बसवलं तुम्हाला! सगळे खाली आले, तुमची पिवळी टोपी काही येईना. माणसं पाठवलीत शोधायला. अक्कल काय गहाण टाकलीत?"

तिला रडूच फुटलं. तो गडबडला. "अहो, लागलंय का कुठे?"

"नाही हो. बोला तुम्ही." तिने नाक पुसलं. "आई गेल्यापासून कोणी रागावलंच नाही मला."

त्याने शोधायला गेलेल्यांना माघारी बोलावलं आणि आपला चहाचा मग तिच्या हातात दिला.

त्यानंतर त्यांची मैत्री वगैरे काही झाली नाही. तो पुन्हा घुम्याचा घुम्याच. धुकं असलं तर तेवढं "आज खालीच राहा" म्हणायचा. त्या तीन शब्दांवर तिचा आख्खा दिवस जायचा.

बर्फ वितळायला लागण्याच्या सुमाराला एकदा ती वरपासून खालपर्यंत न पडता आली. धापा टाकत थांबली, कोणी पाहिलं का म्हणून मागे वळली. लिफ्टवाला पाठमोरा होता, कुणाच्या तरी लेकराला बाकावर बसवत होता. पोरी गावात गेल्या होत्या.

"जमलं गं," ती मोठ्याने म्हणाली. मग बोर्ड उचलला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.