कॅरियरवरची मालकीण

सायकलला काय लागतं, ना चारा ना पाणी, असं म्हणणाऱ्यानं एकदा स्वतःची सायकल ठेवून बघावी. भाड्याची नव्हे, स्वतःची. मी ठेवली आहे. चौदा वर्षं ठेवली, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी ती चालवली नाही, कारण मला ती चालवणं शक्यच नव्हतं.

माझं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. टाच जमिनीला टेकत नाही. माहेरी, खाप्याला, शाळा घरासमोरच होती, त्यामुळे लहानपणी या पायाचं मला फारसं काही वाटलं नाही. लग्न होऊन नागपूरला आले, महालात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि मला मास्तरणीची नोकरी मिळाली ती थेट धरमपेठेत. पायी जाण्याचा प्रश्नच नव्हता. रोज रिक्षा करायची तर नोकरी रिक्षावाल्यासाठीच केल्यासारखी झाली असती. बस होती, पण तिचा आणि शाळेच्या घंटेचा छत्तीसचा आकडा.

म्हणून पहिल्या वर्षी पगारातून थोडं थोडं मागे टाकून मी सायकल घेतली. दुकानदारानं विचारलं, लेडीज की जेन्ट्स. जेन्ट्स, म्हटलं, आणि मागे दणकट कॅरियर. पावती कुणाच्या नावानं म्हणून विचारताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे, म्हणजे आमचे यजमान, शेजारी उभे होते आणि त्यांच्याकडे बघून त्यानं पेन उचललं होतं. मी म्हटलं, पावती माझ्या नावानं. कॉर्पोरेशनचा सायकलीचा बिल्ला तेव्हा दर वर्षी काढावा लागे, तोही माझ्याच नावानं काढला. दुकानदार हसला. हसू दे. पैसे त्यानं माझ्याच पर्समधून निघताना पाहिले होते.

हे कुहीकडचे, धानवाल्यांच्या घरातले, सरकारी कचेरीत कारकून. माणूस लाखात एक, पण भिडस्त. कुणी जरा चढ्या आवाजात बोललं की हे चष्मा काढून पुसायला घेत. मला सोडायला म्हणून रोज तासभर आधी घरून निघत, मी मागे बसे, आणि सायकल महालातून धरमपेठेकडे लागे.

आता ती काय काय खायची ते सांगते. बाभळीचे काटे खायची. उन्हाळ्यात दुपारी उन्हात राहिली तर ट्यूब फटकन फुटायची, म्हणून कचेरीत हे तिच्यासाठी सावली शोधायचे आणि चाकांवर ओलं पोतं टाकायचे. पावसाळ्यात चेन गंजायची. डायनॅमो नसला तर अंधारात पोलीस धरायचा, आणि डायनॅमो लावला तर पायडल इतकं जड व्हायचं की घरी पोचेपर्यंत यांना दम लागायचा. माझ्या तीन साड्यांचे काठ तिच्या चाकानं चावून टाकले. वर्षातून एकदा सगळी खोलून तेलपाणी करायची, म्हणजे दोन दिवस ती दुकानात आणि आम्ही रस्त्यावर. आणि वाड्यातले शेजारी! ज्यांनी घेताना नाकं मुरडली, बाईमाणसाच्या नावावर कुठं सायकल असते काय म्हणाले, तेच सकाळी दारात उभे. पाच मिनिटांसाठी द्या. त्या पाच मिनिटांत सायकल कामठीपर्यंत जाऊन यायची आणि ब्रेकचं रबर कुठेतरी टाकून यायची. शेवटी मी कुलूप घातलं आणि किल्ली पोलक्यात ठेवायला लागले. कंजूष म्हणाले. मी म्हटलं, आहेच.

पण हे सगळं परवडलं. परवडला नाही तो चौक.

त्या दिवसांत सायकलवर डबलसीट बसणं गुन्हा होता, आणि अख्खं नागपूर डबलसीट फिरत होतं. शहरानं यावर एक तोड काढली होती. चौक दिसला की पन्नास पावलं अलीकडे मागच्यानं उतरायचं. पुढच्यानं सायकल हातात धरायची. दोघांनी पोलिसाच्या पुढून सज्जनासारखं चालत चौक ओलांडायचा, आणि पलीकडे पन्नास पावलांवर, त्याच पोलिसाच्या डोळ्यांदेखत, पुन्हा बसायचं. पोलिसालाही ते मंजूर असे. कायद्याचा मान राहिला, एवढंच त्याला हवं असे.

धडधाकट माणसाला यात गंमत होती. माझ्या वाटेत असे तीन चौक होते. जाताना तीन वेळा उतरा, चाला, चढा, येताना पुन्हा तीन वेळा. मला चालायला दुसऱ्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो, आणि चौकात उभी असलेली माणसं तेवढा वेळ माझ्या पायाकडे बघत. संध्याकाळी घोटा सुजून येई आणि हे गरम पाण्यात मीठ घालून पाटाजवळ आणून ठेवत. मला त्या पाण्याचाही राग यायचा. जी वस्तू मी पाय वाचवायला घेतली, तिच्यावरून मला दिवसातून सहा वेळा खाली उतरवत होते.

वर शाळेत उशीर. आमच्या मोठ्या बाई शिस्तीच्या. मी तेव्हा कायम झालेले नव्हते. एकदा उशीर झाला तेव्हा त्यांनी हजेरीवर लाल शेरा मारला आणि शांतपणे सांगितलं, असे तीन झाले की तुमचा कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावरून पुढे सरकणार नाही. पायाचं कारण मी सांगितलं नाही. पायाचं कारण देऊन मला नोकरी नको होती.

एक दिवस श्रावणात पायाला फोड आलेला, वाटेत चेन उतरलेली, आणि दोन चौक उतरून-चालून झालेले. तिसरा चौक दिसला तशी यांनी सवयीनं सायकल हळू केली.

"उतर वं," हे म्हणाले, "शिपाई उभा हाये."

"राहू द्या उभा. मी नाही उतरत. चालवा तुम्ही."

यांनी मान मागे वळवली, माझं तोंड पाहिलं आणि चालवली. शिट्टी वाजली. शिपाई तरुण होता, नवा असावा. डबलसीट बंद आहे हे मालूम नाही काय, म्हणून त्यानं विचारलं. मी मालूम आहे म्हटलं. तो वाकला, मागच्या चाकाचा व्हॉल फिरवून काढला आणि खिशात टाकला. फस्स करून हवा गेली. ही त्यांची नेहमीची शिक्षा. व्हॉल गेला की माणूस सायकल ढकलत दुकान शोधत जातो.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पर्स उघडली. असल्या प्रसंगासाठी त्यात मी नेहमी दोन व्हॉल ठेवत असे. त्यातला एक काढून मी यांच्या हातात दिला, आणि पंप तर नळीला अडकवलेलाच होता. पानठेल्यावरची माणसं हसली. आ बैल मुझे मार, दुसरं काय. शिपायाचे कान लाल झाले.

"असं काय?" तो म्हणाला. "मंग आता कोर्टातच बोला."

त्यानं यांचं नाव लिहून घेतलं, कचेरीचंही. यांनी चष्मा काढला. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपलेली होती आणि हजेरीवर दुसरा लाल शेरा पडला.

कोर्टाची तारीख पुढच्या आठवड्यात लागली. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मोठ्या बाई म्हणाल्या, खटला तुमच्या यजमानांवर, तुमचं तिथे काय काम? मी म्हटलं, गाडी माझी आहे. त्यांनी सही केली आणि बजावलं, मधली सुटी संपल्याची घंटा होईल तेव्हा वर्गात दिसा, नाहीतर तिसरा शेरा. घरी हेही म्हणत होते, तू कायले येतं, मी कबूल म्हणतो, पैसे भरतो, मोकळा. त्यांना कचेरीची धास्ती होती, ती मला दिसत होती. तरी मी गेले.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या कोर्टात आम्ही अकरापासून बाकावर बसून होतो. पुकारा झाला तेव्हा एक वाजून गेला होता. साहेबांनी वर न बघता विचारलं, गुन्हा कबूल? हे म्हणाले, कबूल. मी दाराजवळून उठले आणि मला बोलायचं आहे म्हटलं. तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं.

"गाडीची मालकीण," मी म्हटलं.

लोक हसले. साहेबांनी पुढे यायला सांगितलं. मी निघाले. दारापासून त्यांच्या टेबलापर्यंतचं अंतर चांगलं लांब होतं. मी भराभर चालायचा प्रयत्न केला नाही. उलट नेहमीपेक्षा सावकाश गेले. पहिल्यांदाच मला वाटत होतं, बघा. सगळे बघा. हसणं मध्येच कुठेतरी बंद पडलं.

टेबलावर मी दुकानाची पावती ठेवली, बिल्ल्याची पावती ठेवली. कोर्टात मी शाळेची भाषा बोलले, वर्गात बोलते तशीच.

"साहेब, मोटारीचा मालक मागे बसतो आणि गाडी दुसरा चालवतो. त्या मालकाला चौकात खाली उतरवून कुणी चालायला लावत नाही. माझी मोटार हीच आहे. मी मागे बसते, हे चालवतात."

साहेब म्हणाले, कायदा सायकलीसाठी वेगळा आहे. आणि सगळे उतरून चौक ओलांडतात, तुम्हालाच काय अडचण आहे?

"मी आत्ता दारापासून इथपर्यंत आले," मी म्हटलं, "ते तुम्ही पाहिलंत."

त्यांनी पावत्या उलटून पाहिल्या. मग त्यांनी सगळ्यात कमी दंड सांगितला आणि म्हणाले, कायदा आहे बाई, माझा इलाज नाही. मी म्हटलं, दंड भरते, पण उद्यापासून मी उतरणार नाही, हे आजच सांगून ठेवते. हे मी ऐकलेलं नाही, असं म्हणून त्यांनी पुढचा पुकारा करायला सांगितला.

दंड मी माझ्या पर्समधून भरला. बाहेर आले तेव्हा मधली सुटी सुरू होऊन गेलेली होती. जवळपास एकही रिक्षा नव्हती. फाटकाशी चार-पाच शिपाई बिड्या ओढत उभे होते आणि त्यांच्यात आपला तो तरुण शिपाईही होता. हे सायकल घेऊन आले. मला खात्री होती की आता हे चिडतील. चिडले असते तरी चूक नव्हतं. कचेरीत त्यांनाच तोंड द्यायचं होतं. मी मनात म्हटलं, फाटकाबाहेर, वळणापर्यंत तरी चालावं लागेलच. पाय तर आताच ठणकत होता.

यांनी मागच्या चाकाची हवा अंगठ्यानं दाबून पाहिली. चष्मा काढला नाही. फाटकाच्या अगदी मधोमध, त्या सगळ्या शिपायांसमोर, सायकल उभी केली आणि एक पाय जमिनीवर रोवला.

"बस वं," हे म्हणाले. "घंटा होऊन जाइन."

मी शिपायांकडे पाहिलं. यांनी पुन्हा सांगितलं, बस. मी साडीचा काठ वर खोचला आणि बसले.

मागून शिट्टी वाजली असेल. मला ऐकू आली नाही, कारण यांनी अंगठा सायकलच्या घंटीवरून काढलाच नाही. ट्रिंग ट्रिंग करत आम्ही रस्त्याला लागलो. धरमपेठेच्या चौकात दुसरा शिपाई होता. त्यानं हात वर केला, आणि हा लाजराबुजरा माणूस जोरजोरात घंटी वाजवत त्याच्या हाताखालून निघून गेला. सुटी संपल्याची घंटा झाली तेव्हा मी वर्गात फळा पुसत होते.