टेपची लाल वायर

परवा गॅरेजात टेस्ट लॅम्पचा इवला दिवा लागलेला दिसला आणि आमची जुनी गाडी आठवली. आई गेली त्या उन्हाळ्यात त्या गाडीची बॅटरी सारखी उतरायची. मेकॅनिकनं बॅटरीची वायर सोडवून मध्ये टेस्ट लॅम्प जोडला, तर किल्ली काढलेली असूनही दिवा मंद जळत होता, म्हणजे कुठूनतरी वीज खर्च होत होती. सगळे फ्यूज काढले तरी विझेना. शेवटी टेपमागची लाल वायर सोडवली, तसा विझला. “साहेब, ही डायरेक्ट बॅटरीवर कुणी जोडली?” “मीच,” बाबा म्हणाले. आईचे गुडघे दुखायचे. गुलमंडीच्या बाजारात ती गाडीतच बसायची आणि बाबा किल्ली खिशात घालून खरेदीला जायचे. किल्लीशिवायही तिला टेपवर गाणी ऐकता यावीत म्हणून ती वायर. “पण इतकी वर्षं बॅटरी कधी उतरली नाही,” बाबा म्हणाले. “गाडी रोज फिरत होती तवर भरून निघायचं. आता उभीच असती ना. काढू का वायर?” बाबांनी नुसती मान हलवली, नको म्हणून; मेकॅनिकनं ती परत जोडली. संध्याकाळी ते मला गुलमंडीला घेऊन गेले. तळणाच्या वासात गाडी लावली, टेप सुरू केला, किल्ली खिशात घातली आणि रिकाम्या गाडीत गाणं वाजत ठेवून मला घेऊन बाजारात शिरले. आता मी माझी नवी गाडी बंद केली की गाणंही बंद होतं.