गाळणीतल्या डोंगलचा पिन

भामरागडच्या पुढे ज्या आश्रमशाळेत मी लिपिक होतो, तिथल्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याला नेट यायचं ते डोंगलवरून. डोंगल थेट कॉम्प्युटरला लावला तर रेंज मिळत नसे. म्हणून लांब वायर जोडून तो चहाच्या स्टीलच्या गाळणीत ठेवला होता आणि गाळणी खिडकीच्या गजाला बांधली होती. गाळणीमुळे रेंज वाढते असं आम्ही सगळे मानायचो. दहानंतर टॉवरवर गर्दी होते, म्हणून नेट सकाळीच पकडून ठेवायचं, ही तिकडची रीत. मी साडेसहाला कॉम्प्युटर सुरू करायचो, डोंगलचा दिवा निळा झाला की दार लोटून प्रार्थनेला जायचो.

दिवसाला दीड जीबी डेटा. तो त्या वर्षी अकराच्या आत संपू लागला. मुलांची माहिती भरायची राहून जायची, वरच्या ऑफिसातून फोन यायचे.

प्रार्थनेच्या वेळी मैदानावर नसायच्या त्या फक्त मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. त्या सावली गावच्या, मीही तिकडचाच, एकाच बसने गावी जायचो. त्यांची आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली होती. शेजारणी तिला जेवू घालायच्या. बाईंना दुसरं भावंड नव्हतं. त्या वर्षी बदल्यांचे अर्ज ऑनलाइन होते. सावलीजवळची शाळा निवडून, मुदतीच्या आत अर्ज लॉक, म्हणजे पक्का, करायचा, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांच्या फोनला शाळेच्या गावात नेट नव्हतं. रोज दुपारी त्या दारात येऊन विचारायच्या, "भाऊ, आज तरी नेट हाय का जी?"

मला वाटायचं, नाटक करतात. सकाळी स्वतः डेटा उडवतात आणि दुपारी साळसूदपणे विचारायला येतात. प्रार्थनेला जाताना मी माउसवर आगपेटीची काडी ठेवू लागलो. परत आल्यावर काडी जागच्या जागी असायची. त्यावरून मी काय समजावं? की बाई हुशार आहेत, काडी उचलून पुन्हा तशीच ठेवतात. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची गरम आहे का हेही मी हात लावून पाहिलं आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलो ते यासाठीच.

मग मी डोंगलमधल्या सिमला पिन टाकला. आता कॉम्प्युटर सुरू केला की आधी चार आकडे विचारायचा. ते मी कोणालाच सांगितले नाहीत, मुख्याध्यापकांनाही नाही. प्रार्थनेला जाताना कॉम्प्युटर बंद करायचो आणि परत आल्यावर आकडे टाकून नेट जोडायचो. तरी डेटा संपतच राहिला. इथे तरी मला थांबायला हवं होतं. मी मात्र ठरवलं की बाईंनी खांद्यावरून आकडे पाहिले असणार. मी पिन बदलला आणि दोन दिवसांच्या रजेवर गावी गेलो. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपते हे मला माहीत होतं. बाई काहीतरी करतीलच, असं म्हणून मी ते मनातून काढून टाकलं.

परत येताना बस आलापल्ली सोडून जंगलात शिरली, तशी फोनची रेंज गेली. शाळेत पोहोचलो तेव्हा बाई ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"माह्या हातानं सिम लॉक झालं, भाऊ. तुम्हाले लय फोन लावले, लागलेच नाई. मंग अंदाजानं तीनदा नंबर टाकला. मले माफ करा."

अर्जाची मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती. मी म्हणालो, "असू द्या, होतं असं." मी त्यांना माफ केलं, असंच म्हणावं लागेल. आलापल्लीला जाऊन सिम उघडून, पिन काढून आणलं तेव्हा त्यांनी माझे आभारही मानले.

बदल्यांची यादी लागली. बाईंचं नाव नव्हतं.

पुढे पावसाळ्यात एका सकाळी प्रार्थना व्हरांड्यात घेतली. मी ऑफिसच्या दारातच उभा होतो. कॉम्प्युटरसमोर कोणी नव्हतं आणि गाळणीतला दिवा भराभर लुकलुकत होता. आत जाऊन मी मोबाइल ब्रॉडबँडची सेटिंग उघडली. कनेक्शन आपोआप जोडण्याच्या खुणेवर टिक होती, ती मीच केलेली. डेटा मर्यादित आहे हे कॉम्प्युटरला सांगायची खूण रिकामी होती, तीही मीच रिकामी सोडलेली. म्हणजे मी पकडून ठेवलेलं नेट रोज सकाळी कॉम्प्युटर स्वतःचे अपडेट ओढण्यात संपवत होता. मी दोन्ही खुणा दुरुस्त केल्या. त्या दिवशी डेटा संध्याकाळपर्यंत पुरला.

मी कोणाला काही बोललो नाही.

त्याच महिन्यात पर्लकोटा नदीला पूर आला आणि रस्ता बंद झाला. बाईंची आई वारली तो निरोप पोलिसांच्या वायरलेसवरून आला. तीन दिवस बाई नदीच्या या काठावर होत्या. त्या सावलीला पोहोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. अर्ज मीच भरून दिला, त्यांनी न सांगता पहाटे उठून. निरोपाच्या दिवशी पेटी बसवर चढवताना मी कसाबसा बोललो की सिमला तो पिन मी टाकला होता.

"काऊन टाकला होता जी?"

मी म्हणालो, "सुरक्षेसाठी."

त्यांनी मान डोलावली. "बरं केलं, भाऊ. आजकाल कोनाचा भरोसा नाई."

बस सुटली. त्या खिडकीतून हात हलवत होत्या आणि मीही हलवत होतो. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. आता माझ्या फोनला घरबसल्या चांगलं नेट येतं. त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी अजून पाठवलेलं नाही.