आक्काची भरपगारी रजा

शाळेत वर्गावर होते, तेव्हा भाऊजींचा निरोप आला... आक्का गेली. तापातून ती उठेल, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. महिना उलटला, तरी मन मानत नाही.

आक्का माझी थोरली जाऊ. माहेर जांबोटीचं, सासर शहापूरचं. कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरण्यात तिचा जन्म गेला. मला शाळेच्या सुट्ट्या पगारासकट मिळायच्या. तिला एक रविवार. खाडा झाला की मजुरी बुडायची, आणि जास्त राहिलं तर जागेवर दुसरी बाई. म्हणून शनिवारी कामाची पाळी सुटली की ती माहेरी जायची, मोटार चुकली तर वाटेवरच्या पिरनवाडीच्या पुढं पायीसुद्धा, आणि रविवारी दुपारी परत फिरायची.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर भरपगारी रजेचा कायदा आला. आक्कानं रजा मागितली, तर गिरणीतले तिच्या खात्याचे साहेब म्हणाले, काम मंदावलं की बघू. कधी कुणाला उलटून न बोललेली आक्का त्या दिवशी जागची हलली नाही.

"साहेब, ही रजा तुमच्या मर्जीची न्हाय. कायद्यानं माझी हाय. ह्या सुगीला मी आईकडं जानार."

खात्यात रजा मिळालेली ती पहिलीच. मोटारीत बसताना लई खुशीत होती.

पण तोवर म्हातारीला विसर पडायला लागला होता. लेकीला ओळखायची; मात्र लेक दुपारी परत जाते, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रोज जेवण झालं की भाकरी फडक्यात बांधून ती आक्काच्या हातात द्यायची.

"ऊठ गं, उशीर हुईल. तुझी जागा जाईल."

आक्का समजावून थकली. शेवटी गाठोडं घेऊन घरामागं बसायची आणि तिन्हीसांजेला नव्यानं आल्यासारखी दारात उभी राहायची. आई तिला जवळ घ्यायची... रजा संपेपर्यंत हे असंच चाललं. मला हे ती हसत सांगू लागली आणि मध्येच थांबली. "आदी मिळाया पायजे हुती गं," एवढंच म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

परवा आक्काचं सामान आणायला गिरणीत गेले, तर एक तरुण बाई रजेवर निघालेली. आई गेल्यापासून आक्का रजेवर जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून एकच गोष्ट विचारायची, असं बायकांनी सांगितलं. आता त्या विचारत होत्या.

"आई हाय न्हवं? मग सांजचीच मोटार धर. उद्यावर ढकलू नगं."