गिअरबॉक्सखालचा पोपट

युद्ध संपलं आणि त्याचा उरलेला भाग आमच्या नळदुर्गच्या अंगणात येऊन उभा राहिला.

म्हणजे झालं असं, की आमच्या अण्णानं (माझा थोरला भाऊ, घरातला शहाणा मुलगा, कारण दुसरा मीच होतो) सोलापुरातून लष्करानं विकायला काढलेला पिकअप ट्रक आणला. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं. मधल्या नाक्यावरच्या कारकुनानं ट्रकभोवती तीन फेऱ्या मारून विचारलं, "ये चलता भी है, का ढकलत आणला?"

"चलता म्हणजे!" अण्णा उखडला. "चारी चाकं ओढतात याची! ओढा म्हणा, चिखल म्हणा, नांगरट म्हणा, कुठंबी घाला!"

ते खरं होतं. पहिल्याच आठवड्यात अण्णानं तो नांगरटीत घातला, आणि ट्रकच्या पोटातून 'काड्!' असा आवाज आला.

चासीच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या, दोन लांब दांड्यांच्या मधे, इकडून तिकडं एक जाड लोखंडी पट्टी असते. तिच्यावर गिअरबॉक्स बसतो. साहेब तिला क्रॉसमेंबर म्हणतो, आम्ही 'आडवी' म्हणायचो. ती आडवी मोडली होती आणि गिअरबॉक्स व्यायला आलेल्या म्हशीच्या पोटासारखा लोंबत होता.

चार दिवसांवर आमच्या बहिणीचं, गौराचं लग्न! तेही नवरदेवाच्या गावी, माकणीला. 'वऱ्हाड मोटारीतून येईल' असं अण्णा व्याह्यांना सांगून बसला होता. व्याही सिद्रामप्पांनी त्या आनंदात बाजा ठरवला होता आणि अख्खी माकणी मोटार बघायला वेशीवर जमणार होती.

"मी बैलगाड्या सांगतो," आमचे वडील, आप्पा म्हणाले.

"आप्पा, इज्जत जाईल!" अण्णा कळवळला.

आणि मी म्हणालो, "आडवी मी करून घेतो."

(माझी लायकी? मॅट्रिकच्या पुस्तकात लोखंडी पुलाचं एक चित्र होतं. परीक्षेत नापास झालो, पण चित्र पाठ होतं.)

गावात करीमचाचा लोहार होते. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते मला म्हणाले, "बसू बेटा, नाप बराबर ला. बाकी मैं देखता. पण लोहा कुठून आणू? सगळं लोखंड लढाईत गेलं!"

माप घ्यायला मी शेजारच्या शिंप्याची टेप आणली. त्या टेपचे पहिले दोन इंच झिजून तुटले होते. शिंपी प्रत्येक मापातून मनातल्या मनात दोन वजा करायचा. हे त्यानं मला सांगितलं नाही आणि मी टेपकडं नीट पाहिलं नाही. मी ट्रकखाली निजून माप घेतलं. अंतर होतं अठ्ठावीस इंच, मी रुबाबात सांगितलं, "तीस!"

लोखंड मात्र घरातच होतं. मागच्या खोलीत गौराला द्यायचा नवा पलंग होता. हिरवा रंग, बाजूच्या पट्टीवर लाल चोचीचे पोपट आणि लोखंड असं जाड, की करीमचाचांनी बोटानं टिचकी मारून "वाह!" म्हणावं. मी विचार केला, पलंगाला बाजू दोन असतात, एक भिंतीकडं जाते, ती कोण बघतंय? तिथं बाभळीचा दांडा बांधला, वरून गादी टाकली आणि पट्टी चाचांच्या भट्टीवर नेली.

चाचांनी झकास काम केलं. पट्टी मधोमध दुमडून दुहेरी केली, दोन्ही टोकं वाकवून कान काढले, कानांना भोकं पाडली. बोल्ट घालायला गेलो, तर आडवी दोन इंच लांब!

"आता?" चाचा म्हणाले. "कान कापले तर नवे काढायला लोहा न्हाई. आणि कल शादी!"

"मधून वाकवा," मी म्हणालो. "कमान करा! पुलाला असते तशी!"

चाचांनी हातोडा खाली ठेवला. "बसू, पुलावरून गाडी जाती. हे गाडीच्या खाली हाय."

पण दुसरा इलाज नव्हता. कमान झाली, आडवी बसली. गिअरबॉक्स दोन बोटं वर आला, म्हणून गिअरचा दांडाही केबिनच्या पत्र्यातून दोन बोटं वर आला. अण्णा खूश. "लई सोयीचं झालं की! हाताशी आला!"

सकाळी वऱ्हाड निघालं. पुढं अण्णा आणि आप्पा. मागच्या उघड्या हौद्यात नवरी, आमची आई अव्वा, दोन मावश्या, पलंग आणि मी. लोहारा गाव मागं पडेपर्यंत मी तीनदा म्हणालो, "बघा, कशी पळतीया!"

माकणी अर्ध्या कोसावर आली आणि शेवटचा ओढा लागला. धाड्! कमान एका अंगाला कलली, गिअरचा दांडा पत्र्याच्या कडेत जाऊन अडकला. अण्णानं ओढला, आप्पांनी ओढला, दोघांनी मिळून ओढला. पुढं जायचे सगळे गिअर बंद! चालू राहिला एकच. मागं जायचा.

सगळे उतरून ट्रकखाली वाकले. अव्वाही वाकली.

"अय्यो शिवा!" ती ओरडली. "ह्यो पोपट कुणाचा?"

भट्टीतून वाचलेला एक पोपट गिअरबॉक्सखालून लाल चोचीनं आमच्याकडं बघत होता.

"तसले पोपट सगळीकडं असत्यात," मी म्हणालो.

अव्वानं हौद्यातल्या पलंगावरची गादी उचलली. बाभळीचा दांडा दिसला. "बश्या! माझ्या लेकीचा पलंग मोटारीला घातलास?"

मुहूर्त जवळ, नवरी रस्त्यात. गौरा आता रडणार म्हणून मी तिच्याकडं पाहिलं, तर मुंडावळ्या धरून ती इतकी हसत होती की मावशीला तिला सावरावं लागलं. "अण्णा," ती कशीबशी म्हणाली, "मागं जाती न्हवं? मग मागं तोंड करून चला की!"

दुसरं कुणी काही सुचवेना. अण्णानं रानात अर्धं रिंगण मारून ट्रकचं तोंड नळदुर्गकडं केलं आणि शेपूट माकणीकडं. मी हौद्याच्या टोकाला उभा राहून वाट सांगायला लागलो. "डावीकडं! अण्णा, डावी! तुझी न्हाई, माझी!" (दोनदा काटेरी कुंपण लागलं. एक मावशी कायमची अबोल झाली.)

वेशीवर अख्खी माकणी उभी. त्यांना धुळीत काय दिसलं? मोटारीचं तोंड पलीकडं! वऱ्हाड वेशीपर्यंत येऊन परत निघालं!

"रुसले!" कुणीतरी ओरडलं. बाजा थांबला. सिद्रामप्पा फेटा सावरत पळत सुटले. "व्याही, थांबा! काय चुकलं आमचं? मानपानाचं बोलू!"

"बाजूला व्हा!" मी हात हलवत ओरडलो.

"हात हलवून निरोप देतोय त्यो!" गर्दीतून आवाज आला.

"समद्यांना जरीचे फेटे देतो!" सिद्रामप्पा पळता पळताच म्हणाले. "मावश्यांना लुगडी! पण जाऊ नका!"

"अहो जात न्हाई, येतोय आमी!"

"येताय तर तोंड तिकडं कसं?"

एवढ्यात धूळ फाटून ट्रकची शेपूट त्यांच्यावर आली. सिद्रामप्पा जेवढे पुढं पळाले होते, तेवढेच मागं पळाले. ढोलापासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. अण्णाची मान पुढचे पंधरा दिवस मागंच वळलेली राहिली, पण मुहूर्त गाठला. अव्वानं पलंगाचा गुन्हा व्याह्यांना स्वतःच सांगून टाकला, तर गौरा म्हणाली, "राहू द्या. त्या पोपटानं मला सासरी पोचवलं." जरीचे फेटे आम्हाला मिळाले, कारण शब्द गावासमोर दिला होता.

त्याच मांडवात मुरूमकडचे एक गृहस्थ माझी चौकशी करत होते. त्यांची मुलगी लग्नाची होती. "पोरगा काय करतो?" त्यांनी विचारलं. सिद्रामप्पांनी निमूटपणे ट्रककडं बोट दाखवलं. गृहस्थ खाली वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. मग उठून म्हणाले, "मुलगी देतो. पण एक अट. संसारात हत्यार तिच्या हातात राहील."

ती अट मी आजतागायत पाळली आहे. भिंतीत खिळा ठोकायचा असला की ही स्टुलावर चढते, आणि मला तिनं नेमून दिलेलं काम मी मन लावून करतो. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसतो.