उचलता येईल अशी होडी

मी चार फूट नऊ इंच आहे, तेही चपलेसकट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे काही झालं ते माझ्या उंचीमुळं झालं असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मी तसं म्हणत नाही. मी म्हणते, ते आमच्या घरातल्या खरेदीच्या तऱ्हेमुळं झालं.

मला मासे धरायचा नाद आहे. माहेर फुलंब्रीच्या पुढं, शेतीवाडीचं घर, गावाला लागूनच तलाव. वडील शेतातून येताना गळ टाकून बसायचे आणि शेजारी मला बसवायचे. पुढं लग्न होऊन शहरात, गारखेड्यात आले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, पोरगी मोठी होऊन पुण्याला गेली, पण नाद काही सुटला नाही. अजूनही रविवारी सकाळी मी त्याच तलावावर जाते. ज्यांनी तलाव ठेक्यानं घेतलाय त्यांना विचारलेलं आहे. गळाला त्यांची ना नाही. अडचण एकच. चांगली मरळ असते पलीकडच्या अंगाला, पाणवनस्पतींच्या जाळ्यात, आणि त्या काठाला मांडीभर गाळ. तिथं उतरायची सोय नाही. अलीकडून कितीही लांब फेका, गळ अर्ध्यातच पडतो. मरळ तिकडं उड्या मारते आणि मी इकडं डबा उघडून पोळीभाजी खाते.

म्हणून मला कयाक हवी होती. वल्ह्यानं चालवायची प्लास्टिकची होडी. मासेमारीसाठी निराळी मिळते, तिला गळाची काठी उभी करायला खोबणी असते, मागं सामान ठेवायला जागा असते. रंग कुठलाही चालला असता. माझी अट एवढीच होती, की ती मला एकटीला उचलता आली पाहिजे. गाडीच्या टपावर चढवायची मी, उतरवायची मी, पाण्यात ढकलायची मी. नवऱ्याला वेळ असेल तर, भाऊ गावात असेल तर, असलं 'तर' मला नको होतं. आठवडाभर मी सगळ्यांच्या वेळा सांभाळते. रविवारची सकाळ तेवढी माझी, आणि तीही कुणाच्या भरवशावर घालवायची म्हणजे झालंच की!

पण आमच्या घरात एका माणसाच्या मापाचं काही घेतच नाहीत. कुकर घेतला तो दहा माणसांचा, जेवणारे आम्ही तिघं. फ्रिज घेतला तो पाहुणे आले तर कमी पडायला नको म्हणून. पोरीचा गणवेश कायम वाढत्या अंगाचा. माझ्या लग्नातले ब्लाउजसुद्धा 'पुढं अंगानं भरेल' म्हणून सैल शिवले होते. मी काही भरले नाही. ते ब्लाउज शेवटी नणंदेनं वापरले.

"एवढी मोठी वस्तू, मी येतो बघायला," नवरा म्हणाला. तलावावर कधी आला नाही, पण दुकानात त्याला यायचंच होतं. जालना रोडवर एक दुकान आहे, तंबू, लाईफ जॅकेटं आणि असल्या होड्या ठेवणारं. दुकानदार मोठा बोलका माणूस. मी विचारायचं आणि त्यानं उत्तर नवऱ्याला द्यायचं, असं सुरू झालं. मी म्हटलं, "वजन किती आहे हिचं?" तो नवऱ्याकडं बघून म्हणाला, "साहेब, वजन का टेन्शनच नको, मजबूत माल है."

कोपऱ्यात एक पोपटी होडी उभी होती. आखूड, अरुंद, एकाच सीटची. मी गेले, तिची कड धरली, मांडीवर टेकवली आणि खांद्यावर घेतली. घेतली म्हणजे घेतली, कुणाची मदत नाही. दुकानभर एक चक्कर पण मारली. माझं काम झालं होतं. खरेदी तिथंच संपायला हवी होती.

"भाभी, वो मत लेव," दुकानदार म्हणाला. "हलकी है. हवा में उड़ जाएगी. बच्चों के वास्ते है वो."

नवऱ्यानं मान हलवली. त्या दोघांचं एकमेकांशी इतकं पटलं, की मी तिथं नसते तरी चाललं असतं. मग त्यानं मधोमध ठेवलेली खाकी रंगाची कयाक दाखवली. दोन सीटची. पलंगाएवढी रुंद. हिच्यात उभं राहूनसुद्धा गळ टाकता येतो म्हणे. "बस के तो देखो, भाभी," म्हणाला. मी बसले. पाय टेकवायला पुढं खुंट्या असतात, त्या जवळात जवळ ओढल्या तरी माझी पावलं अधांतरी. वल्हं धरलं तर दोन्ही हातांची बोटं होडीच्या कडांवर आपटायला लागली. पाठीमागं टेकायला गेले तर टेकू लांब, मी आपली मधेच अवघडून. लाईफ जॅकेट चढवलं तर ते कानापर्यंत आलं.

"कुछ नहीं, गद्दी डाल लेंगे ना पीछे," दुकानदार म्हणाला.

कप्पाळ माझं! आयुष्यभर हेच ऐकत आलेय. ओटा उंच आहे? पाट घे. गाडी चालवताना समोरचं दिसत नाही? उशी घे. वरच्या फळीवरचं पुस्तक? स्टूल घे. जगातली प्रत्येक वस्तू बरोबर असते आणि माझ्याखाली तेवढं काहीतरी सरकवायचं असतं.

मी म्हटलं, "मला ती पोपटी पाहिजे."

तर नवरा बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, एकटी कशी जाशील? मी पण येत जाईन ना. घ्यायचीच तर दोघांची घेऊ." हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं की मला भांडताही येईना. वर सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी दोन्ही होड्या बघितल्या आणि निकाल दिला, "ती हिरवी कसली, सुपाएवढी. मोठीच घ्या. एकट्या बाईनं पाण्यात जायचं नाय." झालं. तिघांचं एकमत. मी चिडून म्हणाले, "घ्या काय घ्यायचं ते." आणि त्यांनी खरंच घेतली.

टेम्पोतून होडी आली. पार्किंगमध्ये हळदीकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, सासूबाईंनी पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. शेजाऱ्यांनी फोटो काढले. सगळे वर गेल्यावर मी खाली एकटीच थांबले आणि एक टोक उचलून बघितलं. टोक उचललं गेलं. होडी जागची हलली नाही. दुसऱ्या बाजूनं लावून बघितलं. तेच. मी तिथंच फरशीवर बसले. माझी एकच अट होती, आणि ती सोडून त्या होडीत सगळं होतं.

पुढचे रविवार काय सांगू! एकदा नवऱ्याची कंबर धरली. एकदा वैजापूरला साखरपुडा. एकदा क्रिकेटची मॅच. "पुढच्या रविवारी नक्की," तो म्हणायचा, आणि त्याच्या मनात खोट नव्हती. फक्त त्याला नाद नव्हता. त्याला होडी आवडली होती, मासे धरायला पहाटे उठणं आवडत नव्हतं. होडी पार्किंगमध्ये पडून राहिली.

एके दिवशी कॉलेजातून आले तर होडी पाण्यानं भरलेली. नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्या शहरात तो दिवस सणासारखा असतो, आणि घरातलं पातेलं, बादली, टब काहीही रिकामं ठेवायचं नसतं. होडीच्या तळाला पाणी निथळायला भोकं असतात. ती बंद करायची रबरी बुचं सोबत आलेली. सासूबाईंनी ती शोधून बरोबर बसवली होती आणि पाईप आत सोडला होता.

"रिकामीच तर पडलीय," त्या म्हणाल्या. "भांड्याला, संडासाला होतं. लई पाणी मावतं गं हिच्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रिकामीच तर पडली होती. चार दिवस आम्ही त्या होडीतल्या पाण्यानं भांडी घासली.

त्यानंतर मी हट्टच धरला. भांडले, जेवले नाही, बोलणं बंद केलं. शेवटी एका रविवारी नवरा उठला. आम्ही दोघांनी धापा टाकत होडी टपावर चढवली, तलावावर नेली, उतरवली. तेवढ्यात त्याच्या कमरेत चमक भरली. "तू जा, मी बघतो इथून," म्हणाला आणि दगडावर बसला. मला उलट बरंच वाटलं.

सुरुवातीला ठीक होतं. तलावाच्या मध्यापर्यंत गेले आणि वारा सुटला. फार नव्हे, धोतर फडफडावं इतकाच. पण ती एवढी मोठी होडी, आणि आत मी एवढीशी. दोन माणसांच्या वजनानं ती पाण्यात दबून बसायची, ती माझ्यानं काय दबणार? वरच्यावर तरंगत राहिली, आणि वाऱ्यानं तिला कागदासारखं ढकलायला सुरुवात केली. मी उजवीकडं वल्हं मारते तर ती डावीकडं. पाय टेकायला आधार नाही, म्हणून जोर लावला की मीच सीटवरून घसरते. गादीसुद्धा घसरते. बोटांची सालटी निघाली. काठावरून नवरा ओरडतोय, "उजवीकडं! अगं उजवीकडं मार!" मी काय नाचत होते का तिथं?

होडी शेवटी पूर्वेच्या काठाला बाभळीत जाऊन अडकली. मी उतरले ती गाळात, मांडीपर्यंत. काठच्या पाण्यातून होडी दोरीनं ओढत, काटे काढत परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नवरा कंबर धरून धावत आला, त्याचा चेहरा उतरला होता, घाबरला होता बिचारा. त्यानं माझे हात बघितले आणि म्हणाला, "म्हणून म्हणत होतो. हे तुझं काम नाही गं. याला हातात जोर लागतो."

घरी सासूबाई तेच म्हणाल्या. संध्याकाळी पोरीचा फोन आला, ती पण तेच म्हणाली, "आई, तुझी उंची बघ ना." होडी मोठी आहे, असं कुणी म्हटलं नाही. सगळे म्हणाले, मी लहान आहे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं. नसेल आपल्या हातात जोर. वय झालं. काठावर बसावं गप. त्या रात्री मला रडू आलं, ते सालटी निघाली म्हणून नाही.

दोन-तीन दिवसांनी ग्रंथालयात जुन्या बांधीव अंकांचे गठ्ठे वरच्या मजल्यावर हलवायचे होते. शिपाई नेहमीसारखा रजेवर. मी एक गठ्ठा उचलला, जिना चढले, ठेवला, खाली आले, दुसरा उचलला. पाचवा की सहावा गठ्ठा छातीशी धरून जिन्यात वळले आणि एकदम थांबले. अगं बाई, हे मी रोज उचलते! हे त्या पोपटी होडीपेक्षा हलकं नाही! मग जोर नाही तो कुणाच्या हातात? मला इतका राग आला की गठ्ठा तिथंच पायरीवर ठेवला, अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली.

"साहेब नहीं आए?" दुकानदारानं मी एकटी दिसल्याबरोबर विचारलं.

"साहेब बसणार नाहीत हिच्यात," मी म्हटलं. "मी बसणार आहे."

"एक बार फोन पे पूछ तो लेव उनको, भाभी."

"भाऊ, मी विचारायला आलेली नाही. ती पोपटी काढा, आणि वल्हं आखूड दाखवा. गादी नको." पोरांच्या मापाचं लाईफ जॅकेट होतं, त्याच्या छातीवर बदक होतं. बसलं एकदम बरोबर. बदकासकट घेतलं. होडी खांद्यावर मारून मी बाहेर आले. तो मागून "थांबा थांबा, आम्ही चढवतो" करत आला तोवर मी तिचं नाक टपावर टेकवून मागून ढकलली पण होती. खाकी होडीचं काय करायचं ते मी सासूबाईंवर सोडलं.

रविवारी मी कुणाला न उठवता निघाले. तलावावर उतरवली, ढकलली, बसले. पाय खुंट्यांवर टेकले. पाठ टेकली. एक वल्हं मारलं आणि होडी वळली. एवढंच. एका वल्ह्यात वळली. मध्यावर गेल्यावर वारा सुटला, तसाच त्या दिवशीसारखा, आणि मी पाय रोवून सरळ त्याच्या तोंडावर गेले. पलीकडच्या जाळ्याशी पोचून थांबले.

मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही. पण त्याच्याआधी संताप आला. इतकं सोपं होतं हे? इतकंच होतं? मग मी ओट्यापाशी, बसमध्ये, कपाटापाशी, सगळीकडं आयुष्यभर स्वतःलाच का दोष देत आले? गळ टाकायचं विसरून मी त्या वनस्पतींत तशीच बसून राहिले.

फोन वाजला. नवरा होता. झोपेतून उठून मी नाही असं बघून घाबरला असणार.

"कुठंयस? एकटी गेलीस?" आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "जमतंय का गं तुला?"

"जमतंय," मी म्हटलं. "मला आधीपासूनच जमत होतं."