डीप पॅन आणि सासऱ्यांचा वडापाव

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने फोनवर मोठ्याने बोलू नये! निदान सासरे शेजारच्या खोलीत पेपर वाचत असताना तरी नाहीच नाही.

त्या वर्षी अमेरिकेत मंदी आली होती. पुण्यात आयटीवाला दिसला की लोक आजाऱ्याला भेटल्यासारखे विचारायचे, "कसं काय? आहे ना अजून?" माझी नोकरी शाबूत होती. आजारी होती ती माझी गाडी. सत्तर सालच्या सुमाराची अमेरिकन, ऑटोमॅटिक, बोटीएवढी लांब. सपाट रस्त्यावर महाराणी! पण कात्रजचा घाट आला की गिअरबॉक्सचं तेल तापायचं आणि महाराणी रस्त्यातच बसायची.

उपाय एकच. गिअरबॉक्सच्या खाली तेलाचा एक पसरट डबा असतो, त्याला म्हणतात पॅन. तो काढून खोल पॅन लावायचा. तेल जास्त मावतं, गार राहतं. रोज ऑफिसात इंटरनेटवर मी पॅनच बघत होतो. क्रोमचा चकचकीत होता, पण किंमत वाचूनच मला घाम फुटला. आणि गाडीच्या खाली वाकून बघणार कोण? पातळ पत्र्याचा स्वस्त होता, पण तो पहिल्याच दगडाला चेपला असता. शेवटी ठरवलं, बिनपॉलिशचा, जाड ओतीव ॲल्युमिनियमचा, पट्ट्या-पट्ट्यांचा. दिसायला सामान्य, कामाला दणकट आणि परवडणारा.

अमेरिकेतला मित्र मिलिंद सुट्टीवर यायचा होता. त्याला फोन लावला. लाइन खराब, म्हणून मी ओरडून बोलतोय.

"डीप पॅन आण! ॲल्युमिनियमचा! तेल भरपूर मावलं पाहिजे! हो, धूर नको! काय? नोकरी? नोकरी गेली खड्ड्यात रे, आधी हे बघ!"

शेजारच्या खोलीत अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातातला पेपर गळून पडला असणार. ते तडक विश्रांतवाडीला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. हातात हा एवढा झारा! "भावजी, राहू दे तुमच्याकडे," म्हणाली आणि डोळे पुसत गेली. मग सासूबाईंचा फोन. "लसणाची चटणी मी करून देईन हो. खचू नका." मला वाटलं, जावयाचे लाड चाललेत. मी म्हटलं, "द्या की, भरपूर द्या!"

रविवारी अप्पा हजर. खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसले.

"सुधीरराव, बिबवेवाडीत जागा बघून ठेवलीय. कोपऱ्यावरची."

मला भरून आलं. गाडी उन्हात उभी असते, ती या माणसाला दिसली!

"अप्पा, वर पत्रा आहे?"

"घालू. पाण्याचा नळ आहे."

"वा! धुवायची सोय झाली. पण लांब पडेल हो. मला रात्रीचीच लागते."

"रात्री कशाला? संध्याकाळी सहाला गर्दी असते."

"लोक बघायला येतील म्हणता?"

"बघायला कशाला येतील? खायला येतील!"

"काय खायला?"

"वडे!"

स्वयंपाकघरातून माझी बायको, सुनीता, बाहेर आली. तिच्या हातात तो झारा होता.

सगळं समजावून सांगायला चहाची दोन भांडी लागली. शेवटी अप्पांनी विचारलं, "म्हणजे नोकरी आहे?"

"आहे."

"आणि तुम्ही त्या खटाऱ्याच्या पोटाला बांधायला अमेरिकेहून भांडं मागवलंत?" पुण्यात इतक्या शांतपणे माणसाची सालटं काढतात. "ठीक आहे. घाट चढली तर मी गप्प. नाही चढली तर गाडी भंगारात." सुनीता लगेच म्हणाली, "चालेल!" माझं मत कुणी विचारलंच नाही.

मिलिंद पॅन घेऊन आला. मेकॅनिकने तो बसवला, ताजं तेल भरलं आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो. पुढे अप्पा, मागे बायको, सासूबाई, मेहुणी. अप्पांनी वाटेत परतीच्या बसची चौकशीसुद्धा करून ठेवली!

कात्रज मागे पडलं. पहिलं वळण. दुसरं. ट्रक धापा टाकत होते, एक नवीकोरी मोटार बॉनेट उघडून उभी होती. आणि आमची महाराणी? गुणगुणत चालली होती हो! तेलाच्या तापमानाचा काटा जागचा हलेना. बोगद्यापाशी मी गाडी थांबवली, उतरलो आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिलो. अप्पांनी वाकून गाडीच्या खाली पाहिलं. धूर नाही, थेंब नाही. ते सरळ झाले आणि म्हणाले, "भांडं बरं आहे." अहो, पुण्यात याला सत्कार म्हणतात!

परतताना मी हवेत होतो. हॉर्न वाजवत, एक हात खिडकीबाहेर काढून सोसायटीच्या फाटकातून आत घुसलो आणि फच्च! गाडी मऊ कशात तरी बसली. मी जोर लावून ती बाहेर काढली आणि खाली उतरलो. पॅनला ओरखडासुद्धा नव्हता! पण नव्याने घातलेल्या ओल्या स्पीडब्रेकरवर दोन चाकांच्या चाऱ्या आणि मधोमध पॅनच्या पट्ट्यांचा सुबक ठसा. साधा पॅन वरून अलगद गेला असता. खोल पॅन खाली लोंबतो, एवढं मात्र महिनाभर इंटरनेट वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेजारी पाटी उभी होती. अप्पांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"सिमेंट ओले आहे. तरीही गाडी घालणाऱ्याने आपली अक्कल तपासून घ्यावी. हुकमावरून, सचिव."

मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी आदराने विचारलं, "सुधीरराव, आपल्या सोसायटीचे सचिव कोण हो?"

अहो, कोण काय? सकाळी निघण्याआधी ती पाटी मीच रंगवली होती!